शब्दचर्चा : ‘नोंदणी विवाह’ की ‘विवाह नोंदणी’? आणि त्यात धर्म कुठून आला?

मुद्रितशोधक :
कोल्हापुरात पत्रिकेसाठी येणाऱ्या मजकुरात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘नोंदणी विवाह शनिवारी, शुभविवाह रविवारी गोरज मुहूर्तावर’ असाही मजकूर असतो. वडीलधारी मंडळी तर ‘नोंदणी विवाह’ म्हणजे धर्म सोडून केलेलं लग्न, असं ठामपणे सांगतात. आणि आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नावर चारचौघांत बोलणं निघालं की ‘लग्न हा संस्कार आहे, करार नव्हे’ या वाक्यापाशी सगळं अडतं. या शब्दांचे अर्थ जाणकारांनी नीट उलगडावेत.

कायदेवाचक :
शब्दांची जागा बदलली की अर्थच बदलतो. ‘विवाह नोंदणी’ म्हणजे आधी लागलेल्या लग्नाची नोंद. लग्न मंडपात लागलेलं असतं, महापालिका किंवा ग्रामपंचायत ते वहीत चढवते. राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांच्या आत तीन साक्षीदारांसह ‘नमुना ड’ भरून द्यायचा असतो.

‘नोंदणी विवाह’ मात्र विशेष विवाह कायदा, १९५४ खालचा. तिथे लग्न विवाह अधिकाऱ्यासमोरच होतं, आधी काहीच झालेलं नसतं. लोक त्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण त्यात कोर्टाचा काही संबंध नाही. दोघांपैकी निदान एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा. नोटीस दिली की ती फलकावर लागते आणि तीस दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. मग दोघं आणि तीन साक्षीदार प्रतिज्ञापत्रावर सह्या करतात, आणि अधिकाऱ्यासमोर एक वाक्य म्हणायचं : ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, आणि तिनेही तसंच. दोघांना समजेल त्या भाषेत, म्हणजे आपल्या मराठीतही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, सगळं पहिल्यापासून.

नेहमी चुकतं ते इथेच. हॉल ठरतो, तारीख छापून होते, आणि नोटीस द्यायला माणसं आठ दिवस आधी जातात.

पंचगंगाकाठी :
‘धर्म सोडून’ या समजुतीला हसण्यावारी नेऊ नका, तिला खरा आधार आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर दोघांना लिहून द्यावं लागे की आम्ही ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताच धर्म मानत नाही. आठही धर्म नाव घेऊन नाकारायचे! जातीबाहेर लग्न करू इच्छिणाऱ्या, पण देव मानणाऱ्या माणसाला खोटी सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसात लग्न करताना ही अट उरली नाही, आणि १९५४ च्या कायद्यात ती कोणालाच नाही. कायदा बदलून सत्तर वर्षं झाली, शब्दाला चिकटलेला वास अजून तसाच आहे.

आपल्या करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात मात्र गोष्ट वेगळी घडली. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता दिली. ब्रिटिश मुलखात त्याच सुमारास विठ्ठलभाई पटेलांचं याच विषयावरचं विधेयक चर्चेत होतं, आणि महाराजांचा त्याला पाठिंबा होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘असली लग्नं ही शहरी, पुस्तकी खुळं’ असं ऐकू येतं. आपल्या गावात या गोष्टीला शंभरावर वर्षं झाली.

जाता जाता : शब्द ‘आंतरजातीय’ आहे. ‘अंतर्जातीय’ लिहिलं की अर्थ होतो जातीच्या आतला, अगदी उलटा. पत्रिकेत आणि बातम्यांत ही चूक डोळ्यात तेल घालून पकडायला हवी.

मुद्रितशोधक :
आभार. पण ‘लग्न’ हा शब्दच धार्मिक आहे, मग नोंदणीला ‘लग्न’ का म्हणायचं, असा प्रश्न येतो.

शब्दवेल्हाळ :
‘लग्न’ धार्मिक नाही, ज्योतिषाचा आहे. ‘लग्’ म्हणजे चिकटणं. पूर्व क्षितिजाला त्या क्षणी टेकलेली रास म्हणजे लग्न. दिवसरात्रीत बारा राशी उगवतात, म्हणून एकेक लग्न साधारण दोन तासांचं. त्या वेळेवर विधी व्हायचा म्हणून विधीलाच ‘लग्न’ म्हणू लागले. अजून आपण ‘लग्न लागलं’ म्हणतो, ही ती वेळ गाठल्याची खूण. ‘विवाह’ मध्ये वाहून नेणं आहे, ‘पाणिग्रहण’ मध्ये हात धरणं. म्हणून ‘कचेरीत लग्न लागलं’ म्हणायला भाषेची आडकाठी नाही, शब्द मुहूर्त सोडून केव्हाच पुढे आलाय.

आता ‘संस्कार’. मराठीत याचे तीन वापर आहेत : गर्भाधानापासूनचे सोळा विधी, मुलाला लावलेलं वळण, आणि औषधावर किंवा धान्यावर केलेली प्रक्रिया. ‘लग्न हा संस्कार आहे’ म्हणणारा पहिला अर्थ घेऊन सुरू करतो, दुसऱ्या अर्थाचा मान मिळवतो, आणि शेवटी ‘म्हणून ते मोडता येत नाही, आणि आमच्या रीतीबाहेर होता येत नाही’ असा कायद्याचा निष्कर्ष काढतो. एका वाक्यात तीन पायऱ्या, आणि मधली एकही बोलून दाखवलेली नाही. अशा वेळी शांतपणे विचारायचं : कोणत्या अर्थाने संस्कार?

आपल्याकडच्या सगळ्यांसाठी लग्न न मोडणारा संस्कार कधीच नव्हतं. अनेक जातींत पाट होता, मोहतूर होतं, म्हणजे पुनर्विवाहाच्या रीती, आणि काडीमोड होती. काडी मोडून घटस्फोट, शब्दातच रीत दिसते. मुसलमानांच्या निकाहात प्रस्ताव आणि स्वीकार असतो, मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) ठरतो, म्हणजे रचना करारासारखी. पण म्हणून तो पवित्र नाही असं कोणी म्हणत नाही. करार आणि पावित्र्य एकमेकांचे वैरी आहेत हे गृहीतच तपासायला हवं.

मुद्रितशोधक :
‘संस्कार’ कायद्याला मान्य नाही, असं समजायचं का?

कायदेवाचक :
उलट. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम ७ म्हणतं की लग्न दोघांपैकी एकाच्या रूढ विधींनी व्हावं, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर ते पूर्ण होतं. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र शासन (१९६५) या खटल्यात प्रश्न ‘गांधर्व’ पद्धतीने झालेल्या दुसऱ्या लग्नाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की लग्न ‘लागलं’ म्हणायला आवश्यक विधी झाले पाहिजेत. ते झाले नाहीत म्हणून पहिलं लग्न टिकून असताना दुसरं केल्याचा गुन्हा सिद्ध झाला नाही. २०२४ मध्येही न्यायालयाने म्हटलं की विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र घेतल्याने हिंदू विवाह होत नाही.

सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे भटजीविना, लग्न करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. महात्मा फुल्यांनी समाज स्थापला १८७३ मध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न झालं. पण हार घातले, शपथ घेतली आणि थेट ‘विवाह नोंदणी’ करून टाकली, तर उद्या वारसा किंवा पोटगीच्या वादात ‘कोणता विधी झाला?’ हा प्रश्न उभा राहू शकतो. तमिळनाडूने १९६७ च्या दुरुस्तीने भटजीविना होणाऱ्या आत्मसन्मान विवाहांसाठी हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घातलं आणि हार किंवा अंगठी पुरेशी ठरवली. आपल्याकडे सरळ वाट म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली ‘नोंदणी विवाह’. तो कायदा दोघांना हव्या त्या पद्धतीची मुभा देतो, फक्त ते स्वीकाराचं वाक्य म्हटलं गेलं पाहिजे.

‘हरकत’ शब्दाचाही गैरसमज मोठा. नोटिशीवर हरकत कोणीही घेऊ शकतो, पण ती विशेष विवाह कायद्याच्या कलम ४ मधल्या अटींवरच : कोणाचं आधीचं लग्न टिकून आहे, वय कमी आहे (मुलगा २१, मुलगी १८), निषिद्ध नातं आहे, संमती देण्याइतकी मनाची स्थिती नाही. ‘आमच्या धर्मात हे बसत नाही’ ही नाराजी आहे, हरकत नव्हे. विवाह अधिकाऱ्याला ती विचारात घेता येत नाही.

पंचगंगाकाठी :
‘श्रद्धा’ बद्दलही बोलायला हवं. ‘माझी अशी श्रद्धा आहे’ हे वाक्य बोलणाऱ्याविषयी काही सांगतं, आणि ते मानायचंच. ‘म्हणून तुमच्या लेकीने असं लग्न करू नये’ ही मागणी आहे. दोन्हींच्या मध्ये कारण लागतं, आणि ते दुसऱ्या धर्माच्या माणसालाही तपासता आलं पाहिजे. ते विचारणं म्हणजे श्रद्धेचा अपमान नव्हे, याला मराठीत ‘धर्मचिकित्सा’ असा चांगला, जुना शब्द आहे. चिकित्सा शब्दात रोग शोधणंही आहे आणि काळजीही आहे. विचारणाऱ्याला चटकन ‘नास्तिक’ ठरवणंही बरोबर नाही. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदनिंदक, देव न मानणारा नव्हे, आणि ईश्वर न मानणारं सांख्य हे तत्त्वज्ञानही आस्तिक दर्शनांत बसतं.

समलिंगी विवाहाच्या वादातही ही गल्लत झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींपुढे मुद्दा होता १९५४ च्या कायद्यातल्या ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या शब्दांचा, आणि विषय संसदेवर सोपवला गेला. बाहेर मात्र ‘संस्कार’ वर वाद चालला, ज्या कायद्याला संस्काराची अटच नाही त्याच्याबद्दल.

मुद्रितशोधक :
शेवटचं. नमुना ड मध्ये ‘पुरोहित’ असा रकाना असतो, नाव, पत्ता आणि सही. भटजीच नसेल तर?

शब्दवेल्हाळ :
‘पुरोहित’ म्हणजे पुरस् अधिक हित, पुढे ठेवलेला. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला पुरोहित म्हटलंय. शब्दात जात नाही.

कायदेवाचक :
लग्न ज्यांनी लावलं त्यांचं खरं नाव आणि सही तिथे द्या. रकाना भरायचा म्हणून ओळखीच्या भटजींची सही आणू नका, नंतर उलटतपासणीत तेच अंगाशी येतं. विधीची छायाचित्रं आणि एक पत्रिका जपून ठेवा.

आणि तुमच्या मजकुरापुरतं : मंडपात लग्न लागून महापालिकेत नोंद होणार असेल तर नोंदीचा उल्लेख पत्रिकेत करायची गरज नाही. विवाह अधिकाऱ्यासमोर होणार असेल तर ‘नोंदणी विवाह, विशेष विवाह कायद्यानुसार’ असं लिहा आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘स्वागत समारंभ’ म्हणा. त्या दिवशी ‘गोरज मुहूर्त’ छापू नका, लग्न सकाळी कचेरीत झालेलं असेल.