प्रतिसाद: ग्रुपला सांगू की नको

ताई, नवऱ्याच्या आजाराचं त्याच्या रनिंग ग्रुपला सांगू की नको असं विचारलंय तुम्ही, तर माझं म्हणणं, त्याला विचारा आणि तो हो म्हणाला तर आजच सांगा. माझ्या भावाच्या केमोत प्लेटलेट्स सारख्या लागायच्या, त्या जेमतेम ५ दिवस टिकतात म्हणून साठवून ठेवता येत नाहीत, घरातले आम्ही किती पुरणार, तेव्हा त्याच्या ग्रुपमधलेच पाळीपाळीने येऊन देऊन गेले. फक्त सर्दीखोकला असलेल्यांना भेटायला स्पष्ट नको म्हणा, केमोत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात.

फुटबॉलपटू एरिक अबिदालचं आठवतंय? मार्च २०११ मध्ये यकृतातल्या ट्यूमरचं ऑपरेशन, मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची फायनल पूर्ण खेळला आणि कॅप्टन पुयोलने स्वतःचा आर्मबँड त्याच्या दंडावर चढवून कप त्यालाच उचलायला लावला. पुढच्या वर्षी यकृत बदलावं लागलं ते चुलतभावाने दिलं. घरचे आणि टीम, दोन्ही लागतात हो.

भावाचे शूज आईने दारातून हलवले नव्हते, रोज पुसायची. पहिल्यांदा खाली उतरला तेव्हा लेस मित्राने बांधली, याची बोटं बधिर झालेली. गेटपर्यंतच गेले, पण सगळे त्याच्या चालीने चालले.