मध्ययुगीन खेळात सामुराई पदव्या: काळ पाळायचा की सोय बघायची?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम, म्हणजे एससीए, ही १९६६ साली बर्कलीत सुरू झालेली संस्था. सतराव्या शतकाआधीचं जग पोशाख, स्वयंपाक, हस्तकला आणि वेताच्या तलवारींची लढाई यांतून पुन्हा उभं करायचं, हा तिचा उद्योग. पाया युरोपीय असला तरी जपानी पात्र घेऊन वावरणारे बरेच जण आहेत. मीही त्यांतलाच. माझं पात्र १५६० च्या सुमाराचा, ओवारी प्रांतातला एक साधा लढवय्या.

आमच्या भागात नुकताच एका जपानी पोशाखातल्या सदस्याला बॅरनचा मान मिळाला आणि भर सभेत ललकारी झाली ती 'दानशाकु' अशी. मला हे अजिबात पटलेलं नाही. दानशाकु (बॅरन), हाकुशाकु (काउंट), कोशाकु (ड्यूक) वगैरे पाच पायऱ्यांची उतरंड जपानात आली १८८४ साली, मेजी सरकारने युरोपच्या धर्तीवर सरदारवर्ग नव्याने बांधला तेव्हा. सेनगोकु काळातल्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीच्या काळातल्या, योद्ध्याला ती चिकटवणं म्हणजे शिवरायांच्या दरबारात 'रावबहादूर' आणून बसवणं.

खऱ्या पदव्यांचा दुष्काळ आहे म्हणावं, तर तसंही नाही. त्या काळचे सरदार क्योतोच्या दरबारातली जुनी प्रांताधिकाऱ्यांची पदं नावापुढे लावत, प्रांत ताब्यात असो वा नसो. ओवारीचाच सरदार ओदा नोबुनागा याने तरुणपणी आधी 'काझुसा नो कामी' (काझुसा प्रांताचा मुख्य अधिकारी) लावलं आणि मग बदलून 'काझुसा नो सुके' (उपाधिकारी) केलं. कारण काझुसाचं 'कामी'पद राजपुत्रासाठी राखीव होतं, इतरांची मजल 'सुके'पर्यंतच. एवढा बारकावा ते लोक पाळत होते. आणि आपण लढाईतल्या कुठल्याही तुकडीच्या म्होरक्याला बिनदिक्कत 'शोगुन', म्हणजे देशाचा लष्करी सर्वेसर्वा, म्हणतो! अख्खा जपान टाचेखाली आणणारा हिदेयोशीसुद्धा शोगुन झाला नाही. १५८५ मध्ये तो झाला 'काम्पाकु', म्हणजे सम्राटाचा मुख्य कारभारी.

वेताची_ढाल

दर्यावर्दी, तुमचा अभ्यास मान्य, निष्कर्ष अमान्य.

आपल्याकडे राजा कसा ठरतो? चिलखत चढवून, सव्वा इंच जाडीच्या, डक्टटेप गुंडाळलेल्या वेताने झुंजायचं. बसलेला वार खरा लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच सांगायचं. शेवटपर्यंत टिकेल तो राजा. एकदा राज्य करून उतरला की काउंट, दोनदा केलं की ड्यूक. युरोपात कुठल्या शतकात असे ड्यूक होत होते? एकाही नाही. तेव्हा आपल्या सगळ्याच पदव्या ठिगळं आहेत. जपानी ठिगळालाच वेगळी मोजपट्टी का?

ज्याला 'दानशाकु' म्हटलं, त्याने कित्येक वर्षं सामान वाहिलंय, तंबू ठोकलेत, नवख्यांना लढायला शिकवलंय. त्याच्या सन्मानाच्या दिवशी शब्दाचं साल काढणं मला बरं वाटत नाही. एक भर घालतो: त्या पाच श्रेणींची अक्षरं प्राचीन चिनी ग्रंथांतली आहेत. १५६० मधल्या क्योतोच्या शिकल्यासवरल्या उमरावाला ती वाचून कळलीच असती.

दर्यावर्दी

कळली असती, पण त्याने ती जपानातल्या कुणाला लावली नसती. ड्यूक होण्याची आपली रीत बनावट आहे हे खरं, तरी १६०० च्या आधी युरोपात ड्यूक होते. जपानात दानशाकु नव्हते. माझं म्हणणं एवढंच आहे. त्या सदस्याच्या मानाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट त्याच्या कष्टांना शोभेल अशी, त्याच्या काळातली पदवी त्याला मिळावी, म्हणून तर हा धागा काढला.

मांडवीकाठ

मला दोघांचंही पटत नाही. जपानी शब्द शोधायचाच कशाला? सोळाव्या शतकात जपानात गेलेले जेझुइट पाद्री काय करत होते ते बघा. क्युशू बेटावरच्या ओतोमो सोरिन या सरदाराला ते आपल्या पत्रांत सरळ 'बुंगोचा राजा' लिहीत. परक्या पदाला आपल्या भाषेतला जवळचा शब्द लावणं ही त्या काळचीच पद्धत आहे. मग जपानी पात्रालाही 'बॅरन' म्हणा. काळाशी प्रामाणिक आणि सगळ्यांना कळणारं.

ज्यांना जपानी शब्दच हवेत, त्यांनी निदान १६०३ चा नागासाकीचा जपानी-पोर्तुगीज कोश उघडावा. सुमारे ३२ हजार शब्द आहेत, आणि त्या वेळी जपानात कानावर पडणारी बोली त्यात आहे. जेझुइटांचं छपाईयंत्र गोव्यावरूनच पुढे जपानला गेलं. १५८८ मध्ये त्यांनी गोव्यात हारा मार्तिन्हो या जपानी तरुणाचं लॅटिन भाषणही छापलं होतं. आम्हा गोंयकारांना या विषयात आस्था वाटते ती उगाच नाही.

कंसाईकर

मी जपानात राहते. पदव्यांवर एवढं रण माजलंय, पण माझी तक्रार त्याच्या खालच्या पायरीवर आहे. सगळ्यांनाच सामुराई का व्हायचं असतं? सेनगोकु सैन्यात मोठा भरणा आशिगारूंचा, म्हणजे भाले आणि बंदुका घेतलेल्या पायदळाचा. शेतकरी कोण आणि लढवय्या कोण, ही रेघ तेव्हा पुसटच होती. ती ठळक केली हिदेयोशीने, १५८८ मध्ये शेतकऱ्यांच्या तलवारी जप्त करून. तो स्वतः सामान्य घरातून वर आलेला.

जपानातल्या योनेझावा शहरात दर वसंतात कावानाकाजिमाच्या १५६१ च्या लढाईचा देखावा नदीकाठी उभा करतात. तिथे आशिगारू होऊन धावणारे लोक कमी मानाने वावरत नाहीत. एससीएत साकाई बंदरातला व्यापारी, बंदूक घडवणारा कारागीर, देवळातली भिक्षुणी अशी पात्रं घ्या की! पदवीचा निम्मा घोळ आपोआप मिटेल.

आणि कृपा करून कमरेला दोऱ्यांनी, धार खाली ठेवून टांगलेल्या तलवारीला 'कताना' म्हणू नका. ती ताची. कताना पट्ट्यात खोचतात, धार वर करून.

दर्यावर्दी

कंसाईकरताई, ताचीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि आशिगारूचाही. पण व्यापाऱ्याचं पात्र घेतलेल्यालाही उद्या बॅरनचा मान मिळू शकतो. प्रश्न तिथेच उभा राहतो.

वेताची_ढाल

मग तोडगा सांगा. शनिवारी मैदानात उभं राहून ललकारी मलाच द्यायची आहे. समोर दोनशे माणसं, अर्ध्यांच्या डोक्यात शिरस्त्राण. काय पुकारू?

दर्यावर्दी

'तोनो' म्हणा. सरदाराला हाक मारायला त्या काळी रुळलेला शब्द आहे, तोंडात बसतो, कुणाचा अपमान होत नाही. लेखी सन्मानपत्रात दरबारी पद आणि दर्जा लिहू, तो मसुदा मी करून देतो.

वेताची_ढाल

बॅरनला तोनो, काउंटला तोनो, ड्यूकलाही तोनो? मिरवणुकीत पुढे कोण आणि मागे कोण, हे त्या हाकेवरून ठरतं. मसुदा जरूर पाठवा, सन्मानपत्रावर तो लावायला माझी हरकत नाही. पण मैदानात मी या शनिवारी 'बॅरन'च पुकारणार. मांडवीकाठ यांचं म्हणणं मला जास्त पटलंय.