‘चिनी मातीची’ कोरियन सुरई?

शब्दवेडी: एका चित्रपुस्तिकेचा अनुवाद करतेय. सोलच्या कान्सोंग संग्रहालयातलं एक भांडं आहे, गोर्यो राजवटीतलं (९१८ ते १३९२). हिरवट रंग, त्यावर ढग आणि करकोचे. वर्तुळांतले करकोचे वर झेपावतात, बाहेरचे खाली उतरतात. मी ‘चिनी मातीची सुरई’ लिहिलं. संपादक विचारतात, “कोरियाची की चीनची?” अशा हिरवट झिलईच्या भांड्यांना, म्हणजे सेलेडॉनला, मराठी शब्द काय?

भट्टी: ‘चिनी माती’त चीन आता कुणाला ऐकू येतो? आमची आजी लोणच्याच्या बरणीला ‘चिनी’ म्हणायची, ती बरणी गावच्या बाजारातली. पण इथे शब्द वेगळ्याच कारणाने चुकतो. चिनी माती पांढरी. सेलेडॉनचं अंग राखाडी असतं. हिरवेपणा वरच्या झिलईतल्या लोहाचा. भट्टीत येणारी हवा रोखली तरच तो येतो, नाहीतर झिलई पिवळट-तपकिरी होते. पांढरी भांडी पुढे जोसन राजवटीत बहरली. त्यांतले ते मोठे चंद्रघट पाहा: दोन वाडगे तोंडाला तोंड लावून जोडायचे, पोटावर सांधा जाणवतो.

घाटमाथा: सुरईला लांब मान हवी. याचं तोंड इवलंसं, खांदे रुंद. हा बुधला!

शब्दवेडी: बुधला पटला. आणि ती नक्षी? कोरियनमध्ये ‘सांगगाम’. ‘जडावकाम’ लिहू?

भट्टी: जडावात खडे येतात. इथे ओलसर भांड्यावर नक्षी खोदून त्या खाचांत पांढरी आणि लाल माती भरतात. भाजल्यावर लाल माती काळी होते.

घाटमाथा: माझे काका दगडी पाट्या करायचे. अक्षरं कोरून झाली की खाचेत काळा रंग भरायचा आणि वर आलेला फडक्याने पुसायचा. याला ते नुसतं ‘भरणं’ म्हणत. ‘खोदून भरलेली नक्षी’ म्हणा, संस्कृत नको.

मुद्रितशोधक: संस्कृत का नको? सेलेडॉनला ‘हरितमृत्पात्र’ नेमका आहे.

भट्टी: नेमका, पण माझ्या हाताखालचा एकही कुंभार तो शब्द उच्चारणार नाही. आम्ही ‘ग्लेज’ म्हणतो, फार तर झिलई.

शब्दवेडी: खुद्द गोर्योचे लोक या रंगाला ‘पिसेक’ म्हणत. ११२३ मध्ये तिथे आलेला चिनी दूत शू चिंग याने तसं लिहून ठेवलंय. त्यातल्या ‘पि’च्या चिनी चिन्हाचा जुना अर्थ खंड्या पक्षी.

घाटमाथा: मग ‘खंड्यारंगी’ का नाही? आपल्याकडे मोरपंखी, पोपटी रंग पक्ष्यांवरूनच आलेत.

मुद्रितशोधक: खंड्या निळा. वाचक निळं भांडं शोधत बसेल. आणि मघापासून सगळे ‘गोर्यो’ लिहिताहेत. ‘गो’वर आघात नाही, ‘र’ पुढच्या अक्षरातला. ‘गोऱ्यो’ हवं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आठवा.

घाटमाथा: ‘गोऱ्यो’ लिहिलंत तर लोक ‘गोऱ्या’ वाचतील.

शब्दवेडी: मजकूर उद्या द्यायचाय. बुधला घेतला, ‘खोदून भरलेली नक्षी’ही घेतली. सेलेडॉनचं काय करू?

मुद्रितशोधक: आधी ‘गोऱ्यो’ दुरुस्त करा. ‘दर्या’त पोहतात आणि ‘दऱ्या’ उतरतात, हे लहान मुलालाही कळतं.

भट्टी: ते आपल्या कानाला. कोरियन माणसाच्या तोंडून तो ‘ग’ मला ‘क’च्या जवळचा ऐकू येतो. ‘कोरिया’ हे नाव त्याच राजवटीवरून आलं ना?