पात्राला काय हवंय, हे नटाला विचारत बसावं का?

कृष्णाकाठ
सांगलीत कुठल्याही हौशी तालमीला जा. वाचनाची दोन पानं होत नाहीत तोच दिग्दर्शक थांबवतो, "इथं तुझ्या पात्राला काय हवंय?" नट बिचारा वहीत लिहितो: आदर, प्रेम, सूड. आणि प्रयोगभर तेच तोंडावर घेऊन वावरतो. माझ्या मते हे खूळ आहे. वाक्य नीट पोचवा, समोरच्याचं ऐका, बाकीचं प्रेक्षकाला कळतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हा राक्षसांना हेतू विचारायला कुणी गेलं नव्हतं.

हरिपूर रोड
भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदं गाऊन कथा पुढं न्यायचा. तो मामलाच वेगळा. आमच्या हरिपूरच्या देवलांचं 'शारदा' नाटक (१८९९) घ्या. आपली पोर शारदा पैसे घेऊन म्हाताऱ्याला द्यायला निघालेल्या कांचनभटाला काय हवंय? सगळे म्हणतात पैसा. मग नट हावरट चेहरा करतो आणि दोन मिनिटांत कंटाळा येतो. पण त्याला पैसा तर हवाच, शिवाय 'पोरगी विकली' असं कुणी म्हणायला नको, असं धरून बघा. आता त्याची बायको इंदिराकाकू वाद घालायला लागली की तो ओरडेल कशाला? शेजारी ऐकतील ना! आवाज खाली येईल, बोलता बोलता एक नजर खिडकीकडं जाईल. ती नजर संहितेत कुठं लिहून ठेवलेली नसते.

तिसरी घंटा
+१. फक्त 'प्रतिष्ठा' असं लिहून काही होत नाही, ती खेळता येत नाही. 'बायकोनं आत्ता गप्प बसावं' हे खेळता येतं.

कृष्णाकाठ
नजर झकास. पण मुरलेला नट नेपथ्यातली खिडकी बघूनच ती टाकेल, त्याला वही लागत नाही. ज्याच्या नावावर हे सगळं खपतं, त्या रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीनंसुद्धा शेवटच्या काळात टेबलाभोवतीची चर्चा कमी केली आणि नटांना आधी उठून कृती करायला लावली. आपल्याकडं टेबलच तेवढं आलं.

हरिपूर रोड
कृती करायला लावली, पण ती कशासाठी हे विचारायचं सोडलं नाही त्यानं. नुसतं दार लावणं निराळं, बायकोचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावणं निराळं. हात वेगळा चालतो.

विंगेतली
शारदेचं कुणी नावच काढेना! म्हाताऱ्याशी लग्न ठरवताना तिला विचारलंय कुणी? तिला 'नकोय' एवढं पक्कं माहीत, आणि ते म्हणायची सोय नाही. एका तालमीत मला सारखं "तू काय मिळवायला बघतेस?" विचारायचे. मी उत्तरं रचत गेले आणि ती कोवळी पोर डावपेच लढवणारी बाई वाटायला लागली.

कृष्णाकाठ
घ्या! मी दुसरं काय म्हणतोय?

हरिपूर रोड
ताई, प्रश्नच मोठा विचारला गेला असेल. 'आईनं आज माझ्या बाजूनं एक शब्द बोलावा', एवढंही हवंच असतं की. त्याला डावपेच कशाला?

विंगेतली
हे चालेल. पण तेव्हा आईकडं बघायचं की बापाकडं, ते माझं मी ठरवणार. आणि वहीत काही लिहिणार नाही.