आधुनिक काळाच्या आधी युरोपात हजार वर्षं काहीच बदललं नाही, हे खरं आहे का?

धुऱ्यावरची
नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते. घरची धानाची शेती सांभाळून बाहेरून बी.ए. करते, विषय इतिहास. मध्ययुगीन युरोपच्या पाठात अडकली आहे. नोट्सच्या एका पानावर लिहिलंय की तिथला समाज हजार वर्षं गोठलेला होता: वर सरदार, मधे पाद्री, खाली कुळं. पुढच्याच पानावर आहे की १३४७ ला प्लेग आला अन् सगळं उलटंपालटं झालं. दोन्ही खरं कसं असेल?

माझी आजी नव्वदीला टेकली आहे. तिच्या लहानपणी गावात मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, होता. रोवणीचे पहिले दिवस त्याच्या बांधीत बेगारीत जायचे, घरचे पऱ्हे तोवर पिवळे पडायचे. मालगुजारी गेली ती तिनं डोळ्यांनी पाहिली. मी विचारलं, मग बदललं काय? तर म्हणाली, "माय, कागद बदलला. वाकनं थेच हाये."

तिकडच्या कुळाच्या घरची बाई काय म्हणाली असती? परीक्षेपुरतं नको, नीट सांगा.

जात्याचा खुंटा
ताई, आजींना माझा नमस्कार सांगा. मी नागभीडकडचा, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका गावाच्या जात्यांत सापडतं.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथे मोठा मठ होता आणि गाव मठाच्या ताब्यात. दळण मठाच्याच चक्कीवर न्यायचं आणि त्यातला वाटा तिथेच ठेवून यायचं, असा नियम. हा नियम युरोपात जागोजागी होता. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने मोजणी केली, तिच्यात सुमारे ६,००० पाणचक्क्यांची नोंद आहे. म्हणजे ज्या समाजाला आपण गोठलेला म्हणतो, तिथे यंत्र केव्हाच आलं होतं. पण ते मालकाच्या दारात आलं. सेंट ऑल्बन्सची माणसं घरी जात्यावर दळत राहिली. भांडण वाढलं, मठ जिंकला आणि १३३० नंतर रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने घराघरातली जाती जप्त केली. ती फोडून टाकली नाहीत. आपल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवली. हा माणूस लोहाराचा मुलगा, मोठा गणिती. ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं घड्याळ त्याने मठासाठी रचलं होतं. त्याच माणसाने हेही केलं.

माझ्या आईचं जातं आमच्या पडवीत अजून आहे. खुंटा मुठीत धरला की तिच्या बोटांनी पडलेली खाच हाताला लागते. ते कोणी उचलून नेलं असतं आणि रोज त्यावर पाय देऊन चाललं असतं, तर आमच्या घरात ती गोष्ट किती पिढ्या टिकली असती याचा विचार करा.

तिथे पन्नास वर्षं टिकली. त्या शतकात काय काय झालं! जप्तीच्या आधीच, १३१५ पासून लागोपाठ पावसाने पिकं कुजली, मोठा दुष्काळ पडला. गव्हाचं एक पोतं पेरलं तर साधारण चार पोती यायची, त्यातलं एक परत बियाण्याला. असं असताना दोन हंगाम बुडाले की माणूस उरतो कुठे? १३४८ ला प्लेग इंग्लंडात पोचला आणि तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो. गावातले निम्मे हात नाहीसे झाले तर उरलेला गडी काय भाव सांगेल? तेच झालं. मग १३५१ ला कायदा आला की मजुरी १३४६ च्या दरानेच घ्यायची. वर डोईपट्टी: पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकी एक शिलिंग.

१३८१ ला लोक उठले. सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी मठात घुसून ती फरशी उखडली, जात्यांचे तुकडे केले आणि एकेक तुकडा घरी नेला. तिथल्याच वॉल्सिंगहॅम नावाच्या साधूने हे चिडून लिहून ठेवलंय, की रविवारी चर्चमध्ये मंतरलेली भाकर वाटतात तसे दगड वाटले. उखडणाऱ्यांपैकी बरेच जप्तीनंतर जन्मलेले असणार.

आता मला जे वाटतं ते. या लोकांनी नवीन काही मागितलं नाही. ऑफा राजाने शेकडो वर्षांपूर्वी दिलेली, सोनेरी आणि निळ्या अक्षरांची एक सनद मठाने दडवलीय, ती द्या, अशी त्यांची मागणी होती. १५२५ ला जर्मनीत मेमिंगेनला शेतकऱ्यांनी बारा कलमं लिहिली, त्यातही हाच सूर: जंगलातलं सरपण, ओढ्यातली मासळी, गावाची चराई, जे पूर्वी आमचं होतं ते परत करा. आपल्याकडे माणूस निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सरपण-चराईच्या हक्कांची नोंद, काढून दाखवतो ना, तसंच. त्या कलमांत आणखी एक होतं. घरचा कर्ता मेला की जमीनदार दावणीचं उत्तम जनावर नेत असे; ते बंद करा. घरात सुतक आणि दावणीचा बैल सुटतो, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून तुमची दोन्ही पानं अर्धी अर्धी खरी आहेत. जुनं चालत राहिलं म्हणूनच बदल मागायला त्यांच्या हातात काहीतरी होतं.

पांदणरस्ता
गुरुजींनी छान सांगितलं. यवतमाळकडून एक भर घालतो. युरोप म्हणजे नुसतं इंग्लंड नाही. पश्चिमेला प्लेगनंतर कुळांचे पाश सैल होत गेले, पूर्वेला पुढच्या काळात तेच घट्ट झाले. पोलंडचं धान्य व्हिस्टुला नदीने ग्दान्स्क बंदराला जायचं आणि तिथून पश्चिमेच्या शहरांना. भाव मिळायला लागला तशी जमीनदारांनी वेठ वाढवली. रशियात १६४९ च्या कायद्याने पळून गेलेलं कूळ कितीही वर्षांनी धरून आणायची मुभा मिळाली, आणि ती भूदासगिरी सुटली १८६१ ला. ताई, "प्लेगने सगळं बदललं" असं पेपरात लिहू नका. प्लेगने हात कमी केले. पुढचं कोणाच्या हातात जोर होता त्यावर ठरलं.

धुऱ्यावरची
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आजीला सगळं वाचून दाखवलं. जात्यांच्या फरशीचं ऐकून उठून बसली. मग विचारलं, "दगड तं घरी नेले, पन थे दळन दळाले कुठं मंग?"

जात्याचा खुंटा
आजींनी नेमकं विचारलं. दळण पुन्हा मठाच्याच चक्कीवर गेलं. बंड मोडलं, जॉन बॉल नावाच्या पुढारी पाद्र्याला १५ जुलै १३८१ ला त्याच सेंट ऑल्बन्समध्ये मारलं. पण त्यांना हेही सांगा की इंग्लंडात भूदासगिरी कोणत्या एका कायद्याने उठली नाही. ती हळूहळू विरत गेली. जमीनदाराच्या कचेरीच्या दप्तरात कुळाची जमीन लिहिलेली असे, तिची नक्कल कुळाच्या हाती मिळू लागली, आणि त्या नकलेच्या जोरावर कूळ जमीन धरून राहिलं. म्हणजे तिकडेही आधी कागदच बदलला. कुळांच्या घरच्या बाया पुढेही विळा घेऊन वाकूनच गहू कापत होत्या, कापणी झाल्यावर गरिबाघरच्या बाया त्याच वावरात सरवा वेचत होत्या. फक्त कुठल्या तरी पेटीत घडी घातलेली ती नक्कल होती.

आजींच्या घरी मालगुजारी गेल्यानंतरचा कागद जपून ठेवलेला आहे का? असेल तर त्यावर काय लिहिलंय, ते वाचून इथे टाका.