बकऱ्याचं काळीज : हृदय की यकृत?

विट्याहून : ताई, तुम्ही विचारलंत की ‘काळजाचा तुकडा’ म्हणतो ते काळीज हृदयच ना, मग मटणवाल्याकडची कलेजी यकृत कशी? याचं उत्तर मला आमच्या वस्तीवरच्या चिंचेखाली मिळालं.

दर चैत्रात जत्रेला भावकीचं बकरं पडायचं. (‘पडायचं’ किंवा ‘कापायचं’. देवाच्या बकऱ्याला ‘मारलं’ म्हटलेलं आजीला खपत नसे.) मुलाणी चाचा सुरी फिरवून जात. मग मागचे पाय बांधून धड फांदीला टांगायचं आणि थोरले चुलते सोलायला घेत. पोट फाडलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “काळजाला पित्त लागू देऊ नका रं!” पित्ताची हिरवट पिशवी चिकटलेली असते ती यकृताला. ती फुटली तर सगळं कडूजहर. म्हणजे चुलत्यांच्या तोंडी काळीज हे यकृतच होतं. हृदयाला ते ‘दिल’ म्हणत.

शब्दाचं मूळही तेच सांगतं. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत, त्यावरून आपलं काळीज आणि हिंदीतला कलेजा. यकृताला ‘कालखण्ड’ असंही म्हणत, म्हणजे काळा तुकडा. ताजं यकृत हातात घेतलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. धाडस आणि माया पुढं या शब्दाला चिकटली आणि बोलण्यातलं काळीज छातीत डावीकडं सरकलं. मला वाटतं, जुना अर्थ टिकला तो सोलणाऱ्यांच्या बोलीत. आता घरीही सगळे ‘कलेजी’ म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खटावहून : दादा, पटलं. आमच्याकडंही मुंडी, पाय, वजडी (पोट-आतडी), फोपसं (फुप्फुस), रक्ती (गोठलेलं रक्त) हे शब्द आहेत, पण काळीज म्हटलं की वाटेच आठवतात. केळीच्या पानांवर घरटी एक वाटा. प्रत्येक वाट्यात मांडीचं, बरगडीचं, नळीचं आणि काळजाचं थोडं थोडं पडलंच पाहिजे. मग एका पोराला पाठमोरं बसवायचं, कुणीतरी वाट्यावर बोट ठेवून “ह्यो कुणाचा?” विचारायचं, पोरगं नाव घेईल त्याचा तो वाटा. ‘वाट्याला येणं’ मी शाळेच्या आधी तिथं शिकले. पण सांगा, तुमच्यात काळीज सगळं वाट्यात जायचं?

विट्याहून : नाही ताई. एक फाक चुलते आधीच बाजूला काढत, मीठ लावून निखाऱ्यावर टाकत आणि आम्हा पोरांच्या हातावर ठेवत. बाहेरून करपलेली, आत मऊ. तेवढी वाट्यात धरत नसत.