अडत्यांबरोबर भागीदारी: जुना व्यवहार असताना करारपत्र हवंच का?

कृष्णाकाठ: मार्केट यार्डातल्या एका अडत्यांशी आमचा वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे. आता दोघांत कुपवाड एमआयडीसीत राजापुरी हळदीची पावडर करायचं चाललंय. ते म्हणतात, "आपल्यात कागद कशाला?" विषय कसा काढू, आणि लिहायचं काय?

हिशेबनीस: करारपत्र करा आणि फर्म नोंदवाच. 1932 च्या भागीदारी कायद्यात कलम 69 आहे: नोंदणी नसेल तर पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मला कराराच्या आधारे दावा लावता येत नाही. जे लिहिलं नाही ते कलम 13 ठरवतं. भांडवल कुणाचं कितीही असो, नफा-तोटा निम्मा-निम्मा, भांडवलावर व्याज नाही. दोघांचीच फर्म एकाच्या निधनाने संपते. शिल्लक माल आणि येणी कोणत्या दिवसाच्या भावाने धरून वारसांना हिस्सा द्यायचा, ते आत्ताच लिहा.

हळकुंड: खरी अडचण वेगळी आहे. अडते विकणारेही तेच आणि घेणाऱ्या फर्मचे भागीदारही तेच. त्यांच्या दुकानातला माल त्या दिवशीच्या लिलावाच्या सरासरी भावाने घ्यायचा, हळकुंड आणि गड्डा (मधला गोल कंद) वेगळा धरायचा, त्यावर अडत (अडत्यांचं कमिशन) लागणार की नाही, हे सगळं कागदावर हवं. वजन आणि ओलावा तुम्ही मोजा, नमुना पोत्याच्या मधून काढा.

घट तर लिहाच. अख्ख्या हळदीत 12 टक्के ओलावा चालतो, पावडरीत 10 च्या वर नाही. म्हणजे 12 टक्क्यांचे 100 क्विंटल वाळवून 10 वर आणले की सुमारे 2 क्विंटल 20 किलो नुसतं पाणी जातं. पॉलिशची आणि दळणाची घट वेगळी. हे आधी ठरलं नसेल तर वर्षअखेरीला हिशेब जुळत नाही आणि इतक्या वर्षांच्या माणसावर उगाच संशय येतो. फार वाईट वाटतं असं काही बघताना.

मिरजकर: विषय काढताना कलमांपासून सुरुवात नको. आधी एक हंगाम 50 क्विंटल सामाईक घ्या, दुसऱ्याच्या गिरणीत मजुरीवर दळून घ्या. घट, उधारी, उचल (भागीदाराने स्वतःसाठी काढलेले पैसे) यांचे प्रश्न आपोआप पुढे येतील. ते दोघांनी मिळून लिहून काढा. तोच कराराचा कच्चा खर्डा. उधारीची मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: अमुक रकमेच्या वर दोघांची सही. अडते ओळखीवर माल सोडतात, त्यांच्या धंद्यात ते बरोबरच आहे. पण इथे त्यात तुमचंही भांडवल अडकतं.

कृष्णाकाठ: आभार. मजुरीवर दळण्याचं उद्याच बोलतो त्यांच्याशी.